दोन चिपाडं

शाळा सोडायची असं मी कधी ठरवलं नव्हतं. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत मामा घरी आला आणि आईला म्हणाला, गुऱ्हाळावर हाताखाली एक माणूस कमी पडतोय, सुट्टीपुरता ह्याला नेतो. आईने पिशवीत दोन शर्ट, एक चादर आणि इंग्रजीचं पुस्तक घातलं. सुट्टी संपली, गुऱ्हाळ संपलं नाही. गुऱ्हाळ एकदा पेटलं की ऊस संपेपर्यंत थांबत नसतं, हे आईलाही माहीत होतं. वर्गातली पोरं वार्षिक परीक्षेच्या अभ्यासाला लागली तेव्हा मी उकळत्या रसावरची मळी काढत होतो. पुढच्या वर्षी कोणी काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. इंग्रजीचं पुस्तक पाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून बरेच दिवस चाललं.

आमचं गाव कोल्हापूरकडचं. मामा गुळव्या. काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला, रस उकळून उकळून कधी उतरवायचा, हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर जळतो. त्या वर्षी मामाला यवतमाळ जिल्ह्यातून बोलावणं आलं होतं. ढाणकीच्या बाजूला एका शेतकऱ्याने ऊस लावून घरचं गुऱ्हाळ घातलं होतं आणि गूळ पाडणारा हात त्या भागात मिळेना. भूगोलाच्या पुस्तकात यवतमाळसमोर कापूस लिहिलेलं असायचं. तिथे ऊस असेल असं मला वाटलंच नव्हतं. एसटीच्या दोन गाड्या बदलल्यावर मी मामाला विचारलं, अजून महाराष्ट्रच आहे ना? मामा हसला नाही, त्यालाही नक्की माहीत नसावं.

ते शेतकरी म्हणजे काकाजी. इकडे काकांना काकाजी म्हणतात. ते आणि काकू, दोघंही तेव्हा मध्यम वयाचे, आणि त्यांची एक मुलगी, माझ्याच वर्गात असती एवढी. काकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामाला म्हणाल्या, "एवढ्याशा पोट्ट्याले कायले आणलं जी? याले त चुलवाणाची धगच उडवून नेईन."

धगीने उडवलं नाही, पाकाने धरलं. त्याच हंगामात काहील ओढताना उकळता पाक माझ्या डाव्या पायावर सांडला. पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. पाक बसून राहतो. काकाजी मला मोटरसायकलवर मधे बसवून, मागे एक गडी धरायला घेऊन, रोज उमरखेडला पट्टी बदलायला नेत. काकू माझ्या पायावर सुपाने वारा घालत बसायच्या. वारा घालता घालता मला रागवायच्या, की तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू. मामाला दुसरीकडचं बोलावणं होतं, तो निघाला. मला नेता येईना. काकू म्हणाल्या, राहू द्या, बरा झाला की पाठवतो.

मी बरा झालो. पण तोवर हळद काढायची होती, मग सोयाबीन पेरायचं, मग कापूस वेचायचा, मग पुन्हा ऊस तोडायला आला. मामा दुसऱ्या हंगामाला आला, तिसऱ्याला आला, नंतर त्याचे गुडघे गेले आणि त्याने काकाजींना फोनवर सांगितलं, पोरगा आहे की तिथं, त्याला येतंय सगळं. असा मी गुळव्या झालो. हेही मी ठरवलं नव्हतं.

माझा स्वभाव घाबरट आहे. काहिलीत रस असला की मला घाम धगीने येतो की भीतीने, ते कळत नाही. आजवर किती कढ उतरवले तरी प्रत्येक वेळी वाटतं, हा बिघडणार. पण एका गोष्टीत मी कधी डगमगलो नाही, ती म्हणजे पावडर न टाकणं. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो. रस उकळत असताना त्यात एक पांढरी पावडर टाकली की गूळ असा उजळतो, जणू हळद लावलेली नवरी. मामा ती टाकत नसे. रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घालायचं, मळी वर येते, ती काढत राहायची, बस. गूळ तपकिरी निघतो, काळपट. काकाजींनाही पावडर नकोच होती. त्यांचं कारण सरळ होतं. इकडची रीत अशी की गुऱ्हाळावरून जाणारा कोणीही आत यावा, पळसाचं पान पुढे करावं आणि त्यावर गरम गूळ घ्यावा. त्याला तराजू नाही, त्याचा हिशोब नाही. शाळेतून येणारी पोरं, मेंढरांमागचे लोक, नळाचं काम करणारा ढाणकीचा मिस्त्री, सगळे येत. "जो मानूस हात पुढे करते, त्याच्या पानावर मी औषध वाढू काय?" असं काकाजी म्हणायचे. व्यापारी काळा गूळ नाक मुरडत नेई. पण नेई.

आमच्या गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी एक म्हातारबाबा बसत. चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी चूल. जमिनीच्या खाली खड्डा, त्यात उतरायला पायऱ्या, आणि खाली बसून माणूस ऊस पिळून वाळवलेली चिपाडं आत सारत राहतो. वरच्याने ओरडून सांगायचं, जाळ कमी, जाळ जास्त. खालच्याला काहील दिसत नाही. बाबा कान देऊन आवाजावर जाळ लावत आणि तोंडाने सारखी माझी टर उडवत. माझ्या बोलण्यात "व्हय" आलं की खालून म्हणत, "व्हय नाही लेका, हाव म्हण. इतकी वर्सं आमचं पानी पिऊन राह्यला, जीभ अजून तिकडंच ठेवली काय?"

काकाजींची मुलगी, आमची ताई, शिकून तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका झाली. एका हिवाळ्यात ती सुट्टीला आली ती एक ट्रेनिंग करून. दहावीच्या पोरांनी पुढे काय व्हायचं ते त्यांना कसं शोधू द्यायचं, याचं ट्रेनिंग होतं. ती म्हणाली, पोरांना कोण व्हायचं असं विचारायचंच नाही. कसं जगायचं आहे ते विचारायचं. सकाळी कुठे उठायचं आहे, कोणासोबत जेवायचं आहे, कोणती गोष्ट काही झालं तरी करायची नाही. ते सापडलं की काम त्याच्या मागून येतं.

मला हसू आलं. काम मागून येतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्याकडे काम पुढे असतं आणि माणूस त्याच्या मागे.

एक काहील नुकतीच उतरवली होती आणि नवा रस भरायला वेळ होता. ताई माझ्यासमोर चिपाडाच्या गंजीवर बसली. म्हणाली, दादा, पोरांवर करायच्या आधी तुझ्यावर करून पाहते. तिने मूठभर चिपाडं उचलली आणि सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडली. हे एक चिपाड म्हणजे आई. हे पैसा. हे आपलं स्वतःचं घर. हे लोकांनी नाव घेणं. हे दुपारची झोप. हे पावडर न टाकणं. आणखी काय हवंय ते तू सांग. मी लाजत लाजत एक वाढवलं, संध्याकाळचं जेवण घरी. ताई म्हणाली, ते आईतच आलं. मी म्हटलं, नाही, वेगळं ठेव.

मग ती म्हणाली, आता एक काढ. ज्याच्यावाचून चालेल असं.

मी दुपारची झोप काढली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय, पण मला ती खरंच सोपी होती. मग नाव काढलं. गुळव्याचं नाव तसंही कोण घेतो, गूळ खाताना कोणी विचारत नाही. पैसा काढताना तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. स्वतःचं घर काढलं, कारण आईचं घर होतंच, गळकं असलं तरी. मग संध्याकाळचं जेवण उचललं आणि आईच्या चिपाडाशेजारी पुन्हा ठेवलं. ताई म्हणाली, असं चालत नाही. तेव्हा काढलं.

दोन उरली. आईजवळ असणं आणि पावडर न टाकणं.

"आता यातलं एक," ताई म्हणाली.

मला जमेना. हे खेळातलं आहे, दोन काटक्या आहेत, हे कळत असूनही हात पुढे जाईना. कोल्हापूरकडे गुऱ्हाळं राहिली होती, पण पावडरीशिवायची कुठे आहेत हे मामालाही सांगता येत नव्हतं. आईजवळ राहायचं तर गूळ सोडावा लागेल, किंवा गूळ धरून पावडर. पावडरीशिवाय राहायचं तर इथे, आईपासून तीन एसट्या आणि एक पूर्ण दिवस लांब. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कधी अशी समोर ठेवून पाहिली नव्हती. ताई वाट बघत होती. चांगली शिक्षिका आहे ती, घाई करत नाही.

तेवढ्यात बाबा खालून वर आले. जाळ विझत आला होता आणि त्यांना चिपाड हवं होतं. त्यांनी गंजीवरून कवेत मावेल एवढी कवळी उचलली, आणि जाता जाता आमच्यातली जमिनीवरची दोन्ही चिपाडंही मुठीत घेतली. ताई ओरडली, "बाबा, ते आमचं होतं नं!"

"तुमचं काय त्याच्यात? चिपाड होय," बाबा म्हणाले आणि खाली उतरले.

आम्ही खूप हसलो. ताई तर डोळे पुसत होती. हसता हसता मला सुटल्यासारखं वाटलं, की चला, ठरवायला नको. पण ते तसं सुटणार नव्हतं.

फाल्गुनात आईचा फोन आला. आई फोनवर फार बोलत नाही. जेवलास काय, हे आधी विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणते, बरं. त्या दिवशी ती बोलली. गावच्या दूध डेअरीत दूध मोजून घेणारा, फॅट बघणारा माणूस वयामुळे थांबणार होता. तिथे विश्वासाचं माणूस हवं होतं, शिक्षण नववी असलं तरी चालणार होतं. आई रोज आपल्या म्हशीचं दूध घालायला जाते, तिने परस्पर माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी आईला कोणाकडे शब्द टाकताना उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. शेजारणीकडे विरजण मागायलाही ती उंबऱ्याबाहेर दोनदा जाऊन परत येते.

म्हणाली, "पाडव्यापतूर सांगा म्हणालेत. तुझं तू बघ. माझं काय, हाय ते हाय."

मी काय काय पाहिलं नाही त्या दिवसांत. डेअरीची खिडकी. पहाटेची रांग, म्हाताऱ्या बायकांच्या किटल्या, त्यात माझ्या आईची. दूध घेऊन झालं की मी मागोमाग घरी जातोय. आई भाकरी थापतेय. दुपारी काही नाही, म्हैस धुवायची. संध्याकाळी पुन्हा खिडकी आणि मग घरी जेवण. ताईचं ऐकून मी पहिल्यांदा जगणं आधी पाहिलं होतं आणि काम मागून आलं होतं. खरोखर आलं होतं. त्यात पावडरीचा प्रश्नही नव्हता. फक्त गूळ नव्हता. मी स्वतःला सांगितलं, पावडर न टाकणं म्हणजे गूळ करणं नव्हे. कुठेही राहून न टाकता येतं. हे बरोबर होतं, आणि तरी ते मनाला पटवावं लागत होतं.

मी जायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवलं. ताईला फोनवर सांगितलं तर ती आनंदाने म्हणाली, बघ, म्हटलं होतं ना. काकाजींना मीच सांगेन, तू काही बोलू नकोस, असं मी तिला बजावलं. पिशवी भरून ठेवली. आणि रोज सकाळी सांगायचं म्हणून रोज राहून गेलं. मनात वाक्य तयार होतं. काकाजी, तुम्ही लेकरासारखं केलंत, पण आता आई थकली. हे वाक्य मी विहिरीवर, बैलांपुढे, काहिलीपुढे म्हणून पाहिलं. काकाजींपुढे गेलो की त्यातलं पहिलं अर्धंच खरं वाटायचं.

इकडे वर्षाचा माणूस पाडव्याला ठरतो. मालक त्या सकाळी नारळ आणि टॉवेल देतो. माणसाने हातात घेतला की तो पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरचा. लिहून काही ठेवत नाहीत. घेतलेला नारळ कोणी मोडत नाही, मोडला तर गावात उभं करून घेत नाहीत. जाणाऱ्याने त्या सकाळी दारात यायचंच नसतं, एवढं साधं आहे. आदल्या दिवशी निघून जायचं. मालक समजतो.

मी आदल्या दिवशी निघालो नाही. वाटलं, इतकी वर्षं ज्यांनी पाय धुतला, त्यांना न सांगता कसं जायचं. हीच चूक. इथला कोणी माणूस अशी चूक करणार नाही. त्या सकाळी तोंडावर नाही म्हणायला मालकाच्या दारात जाऊन उभा राहणारा फक्त परका असतो.

काकूंनी गुढी उभारली होती. कडुनिंबाचा पाला, भिजली डाळ आणि आमच्याच गुऱ्हाळातला काळा गूळ एकत्र करून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. काकाजी ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडलं तर कडू झालेलं. मी बोलायच्या आत काकाजीच बोलले.

"पोट्ट्या, तुले खरं सांगतो. तो वेपारी दरसाली येते नं, मंग म्हणते का पावडर टाका. मी म्हणतो, माहा गुळव्या टाकत नाही जी. मी नाही म्हणत नाही. तू नाही म्हणते. तू हाय म्हणून माह्यानं नाही म्हणनं होते."

आणि त्यांनी नारळ पुढे केला. दोन्ही हातांनी. वयाने मोठा माणूस दोन्ही हात पुढे करतो तेव्हा आपले हात खाली कसे ठेवायचे, ते मला माहीत नाही. काकू टॉवेल घेऊन मागे उभ्या होत्या, ज्या सुपाने वारा घालायच्या ते सूप त्यांच्या मागे भिंतीला टांगलेलं होतं. मी नारळ घेतला.

मी नंतर बरेचदा विचार केला, ती माझी निवड होती का. दोन चिपाडांतलं मी एक उचललं, असं म्हणता येईल. पण उचलताना मला ते चिपाड दिसत नव्हतं. काकाजींचे हात दिसत होते.

आईला दुपारी फोन केला. म्हटलं, या साली जमत नाही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, "तू त्यांच्यागत बोलाय लागलायस रं." मला कळेना मी काय बोललो तसं. फोन ठेवल्यावर कळलं. मी 'या वर्षी' म्हणायच्या ऐवजी 'या साली' म्हटलं होतं.

डेअरीत शेजारच्या गल्लीतला एक मुलगा लागला. चांगला आहे. आईची किटली स्वतः उचलून घेतो, असं तीच कौतुकाने सांगते.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं. ऊस चांगला होता, रसही गोड. माझे पहिले कढ इतके नेमके उतरले की बाबांनी खालूनच विचारलं, कोल्हापूरहून मामा आला काय. ढेपा खोलीत रचल्या. व्यापारी आला, ढेपेवर बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि नाही म्हणाला. लोकांना पिवळाच लागतो, काळा आता दुकानदार ठेवूनच घेत नाहीत, असं त्याचं म्हणणं. काकाजींनी नेहमीसारखं माझं नाव पुढे केलं. व्यापारी माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग याच्याच घरी नेऊन ठेवा."

दुसरा व्यापारी पाहिला, त्यानेही नेला नाही. ढाणकीच्या बाजाराला काकाजी स्वतः ढेपा घेऊन बसले. हात पुढे करून फुकट खाणारे तिथेही भेटले, विकत घेणारे कमी. खोलीतल्या ढेपांना पाणी सुटायला लागलं. काळा गूळ दमट हवेत रडतो, आम्ही तसंच म्हणतो. खोलीत गेलं की चपला जमिनीला चिकटायच्या.

एका सकाळी चुलवाणाच्या कठड्यावर एक पांढरी पिशवी ठेवलेली दिसली. काकाजी जवळच होते, पण दुसरीकडे बघत. मी पिशवीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. काहिलीत रस तापत होता.

"तू नोको टाकू," ते म्हणाले. "तुले नाही म्हणत मी. दुसरा पाह्यला आहे, पुसदकडचा. तो टाकन."

मला त्यांचा राग यावा असं मला फार वाटलं. आला नाही. ज्या माणसाने दरवर्षी माझ्या आडून नाही म्हटलं, तो या वर्षी मला बाजूला ठेवून हो म्हणत होता, आणि तेही मला सांभाळून. एवढं कोण करतं एका परक्या पोरासाठी. मी विचारलं, मग मी काय करू? पाडव्यापर्यंत तर मी या घरचा होतो.

बाबांना त्या वर्षी दम लागायला लागला होता. खालची जागा रिकामी होणार होती. काकाजींनी चुलवाणाच्या पायऱ्यांकडे फक्त मानेने खूण केली.

तेव्हापासून मी खाली बसतो. पायऱ्या उतरून, चिपाडाची कवळी शेजारी घेऊन. वरचा गुळव्या माझ्यापेक्षा लहान आहे, कामाला चलाख, मला दादा म्हणतो. जाळ कमी, दादा. जाळ जास्त, दादा. काहील मला दिसत नाही, पण कढ कुठवर आला ते आवाजावरून कळतं, आणि पावडर कधी पडली ते वासावरून कळतं. थोडा वेळ गंधकासारखा उग्र वास खाली येतो आणि जातो. मी टाकत नाही. मी फक्त जाळ देतो. सुरुवातीला मी स्वतःला असं सांगायचो. आता सांगत नाही. जाळावाचून गूळ होत नाही हे मला कोणी सांगायला नको.

लोक अजून येतात, पळसाचं पान पुढे करतात. गूळ पिवळाधमक दिसतो, पोरांना तर हाच आवडतो. काकाजी आता वाढायला उभे राहत नाहीत, ते काम वरच्याकडे आहे.

संक्रांतीला ताई आली होती. मला शोधत चुलवाणापर्यंत आली आणि पायरीवर उभी राहिली. तिचं ट्रेनिंग पोरांना फार आवडलं, असं मी काकूंकडून ऐकलं होतं. एक पोरगा डॉक्टर व्हायचं सोडून शेतीच्या कॉलेजात जायचं म्हणतोय आणि त्याचा बाप शाळेत भांडायला आला होता म्हणे. मला ते ऐकून बरं वाटलं. कुणाच्या तरी ओळीतली चिपाडं जागेवर राहिली. ताईला ते सगळं मला सांगायचं असेल. पण ती पदर आवरून पायरीवर बसली, गंजीतली चिपाडं काढून माझ्या हातात देत राहिली, आणि मी आत सारत राहिलो. थोड्या वेळाने धुराने तिला खोकला आला. म्हटलं, ताई, जा वर. डोळे चुरचुरतील.

माझ्या हातच्या गुळाची एक ढेप काकूंनी स्वैपाकघरात बाजूला ठेवलीय. सकाळचा माझा चहा त्या त्याच गुळाचा करतात. कोणाला सांगत नाहीत, मलाही सांगितलं नाही, चवीवरून कळलं. ढेप आता तळाला आली आहे. पाडव्याच्या कडुनिंबात कोणता गूळ पडेल ते मला माहीत नाही.

आईचा गुडघा दुखतो. किटली हातात धरून जाववत नाही म्हणून ती आता डेअरीपर्यंत मधे एकदा बसते. कोणाच्या पायरीवर बसते तेही मला माहीत आहे, ते घर डोळ्यांसमोर येतं. पाडवा झाला की ये, असं ती म्हणत नाही. म्हटलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं, हे तिला कळतं. डेअरीत जागा नाही, आणि गूळ सोडून मला दुसरं काय येतं.

परवा काकू ढाणकीच्या बाजाराला निघाल्या होत्या. चुलवाणाच्या वर उभ्या राहून त्यांनी खाली वाकून विचारलं, पाडव्याचा टॉवेल कोणत्या रंगाचा आणू, मागचा लाल तुले आवडला होता का नाही, तू काही बोलला नव्हता.

वरून जाळ जास्त मागत होते. मी चिपाड आत सारलं.

"कोनताई आना, काकू," मी म्हटलं. "चालते."